समृद्धीवरचा इगतपुरीचा बोगदा: विदर्भातून निघालेल्या गाडीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

वाशीच्या मार्केटला संत्रा नेणारा पिकअप असो, जिनिंगमधून गठाणी भरून निघालेला ट्रक असो की पोराला मुंबईला सोडायला निघालेली घरची गाडी, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग धरला की शेवटाकडे इगतपुरीचा बोगदा लागतोच. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. याच टप्प्यात हा जवळपास पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. जाण्याची नळी वेगळी, येण्याची वेगळी, प्रत्येकीत तीन लेन. ताशी ८० च्या वेगाने गेलं तर सहा मिनिटांच्या आत माणूस पलीकडे निघतो.

म्हणूनच चौकाचौकात ऐकू येतं, "पाच-सात मिनिटाचं तर काम हाय भाऊ, त्याची काय तयारी करा लागते?" चूक नेमकी इथून सुरू होते. नागपूरहून निघालेल्या गाडीला हा बोगदा सुमारे ६२५ किलोमीटर झाल्यावर लागतो. वाशिम-बुलडाण्याकडून निघालेल्यालाही तो प्रवासाच्या शेवटीच येतो. टायर तापलेले, ब्रेक वापरलेले, इंजिन तासन्‌तास एका लयीत चाललेलं आणि ड्रायव्हरचे डोळे जड. अशा वेळी नेमकी अशी जागा येते, जिथे कंटाळा आला म्हणून कडेला उतरून झाडाखाली थांबता येत नाही. आपल्याकडे सपाट मुलूख, बोगद्याची सवय कुणालाच नाही. म्हणून निम्मी तयारी गावातच करावी लागते आणि उरलेली बोगद्याच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. क्रम मोडू नका, कारण एका टप्प्यावर सुटलेली गोष्ट पुढच्या टप्प्यावर भरून काढता येत नाही.

आधी एक खुलासा. समृद्धीवर दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. त्यामुळे इथे फक्त कार, जीप, पिकअप आणि ट्रक यांचा विचार केला आहे.

१. गाडी: आदल्या दिवशी, गावातच

सुरुवात टायरपासून करा. समृद्धीचा रस्ता काँक्रीटचा आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात त्यावरून तासन्‌तास एकाच वेगाने पळणारा टायर आतून किती तापतो, हे बाहेरून दिसत नाही. कडेच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून सात-आठ वर्षांचा टायर लांबच्या गाडीला ठेवू नका. रबर कडक झालं की बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडतात. बोट फिरवून त्या शोधा आणि आतल्या बाजूलाही पाहा, कारण तिकडे कोणी पाहत नाही. ट्रकच्या मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकलेला असतो, तो काढा. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर पुढच्या चाकांना लावून या प्रवासाला निघू नका.

हवा थंड टायरमध्ये भरा, म्हणजे सकाळी गाडी चालवण्याआधी किंवा गावातल्या पंपापर्यंत नेल्यावर लगेच. दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेल्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगवेगळे आकडे असतात. मालाची गाडी असेल तर भरलेल्याचा आकडा धरा.

> इशारा: वाटेत तापलेल्या टायरची हवा "जास्त झाली" म्हणून सोडू नका. तापल्यावर दाब वाढतोच. सोडलीत तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालेल. मग भिंत जास्त लवते, जास्त तापते आणि टायर फुटण्याचं ते मोठं कारण ठरतं.

मग ब्रेक. इगतपुरीपासून मुंबईकडे रस्ता सह्याद्री उतरतो. लायनर संपत आलेत का, ब्रेक ऑइलची पातळी किती आहे, पॅडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली बसतं का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्या. भरलेल्या पिकअपचा ब्रेक रिकाम्या गाडीवर तपासून काही कळत नाही. माल भरल्यावर गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक मारून पाहा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर निघू नका.

कूलंट, फॅन बेल्ट आणि रेडिएटरचे होज इंजिन थंड असताना पाहा. होज हाताने दाबून बघा. फुगलेला, चिकट किंवा कडकडीत लागला तर बदला. बोगद्यात बंद पडण्याचं साधं कारण म्हणजे इंजिन तापणं, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा शंभर-दोनशे रुपयांच्या एखाद्या नळीत असतं.

दिव्यांची तपासणी दोघांनी मिळून करा. एकाने आत बसून ब्रेक, इंडिकेटर, पार्किंग आणि चारही इंडिकेटर एकदम लावायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून पाहायचं. बोगद्यात मागच्या गाडीला तुमचा अंदाज फक्त मागच्या लाल दिव्यांवरून येतो. ट्रक-पिकअपवर लाल-पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या चिखलाने झाकल्या असतील तर धुवा. ट्रॉलीच्या फाळक्यावर लोंबणाऱ्या ताडपत्रीने मागचे दिवे झाकले जातात, हे तर रोजच दिसतं.

शेवटी आग विझवण्याचा सिलिंडर. पुष्कळ गाड्यांत तो सीटखाली धूळ खात पडलेला असतो. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा. पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून तो उलटासुलटा करून हलवा. ड्रायव्हरला बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशा ठिकाणी लावा. पोत्यांच्या मागे ठेवलेला सिलिंडर वेळेला हाताशी येत नाही.

२. माल: बांधणी आणि आगीचा धोका

बोगद्याच्या तोंडाशी उंचीची मर्यादा असते. वर दिवे, फलक आणि मोठाले पंखे टांगलेले असतात. कुटाराची किंवा रिकाम्या क्रेटची गाडी भरताना आपल्याकडे उंचीचा हिशोब कोणी ठेवत नाही. खळ्यातून निघाली म्हणजे झालं, असं वाटतं. जमिनीपासून मालाच्या सर्वांत उंच टोकापर्यंत टेपने मोजा आणि आकडा ड्रायव्हरच्या समोर काचेजवळ लिहून ठेवा. ताडपत्री दोन बाजूंनी नव्हे, चारही बाजूंनी बांधा. लांबच्या प्रवासात दोर सैल होतात, त्यामुळे वाटेत दोनदा तरी ओढून पाहावे लागतात.

कापसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा आपल्या भागाचाच माल आहे. गठाणीला ठिणगी लागली तर लगेच ज्वाळा दिसत नाही. आग आत शिरते आणि धुमसत राहते. हिंगणघाटला किंवा यवतमाळला पडलेली ठिणगी कित्येक तासांनी, वारा लागत राहिल्यावर पेट घेऊ शकते. म्हणून माल भरताना आजूबाजूला बिडी-सिगारेट नको, वेल्डिंगचं काम नको. गाडीचा सायलेन्सर फुटका नको. निघाल्यावर प्रत्येक थांब्याला गाडीभोवती फिरून वास घ्या. जळक्या कापडासारखा वास आला, ताडपत्रीचा एखादा भाग हाताला गरम लागला किंवा एखाद्या फटीतून बारीक धूर दिसला तर गाडी तिथेच, मोकळ्या जागी, इतर गाड्यांपासून लांब उभी करा आणि अग्निशमनला बोलवा. गठाण उचकटून आत बघायला जाऊ नका. हवा मिळाली की ती भडकते.

घरच्या गाडीत भरलेला गॅस सिलिंडर, कॅनमधलं पेट्रोल-डिझेल किंवा फटाके घेऊन बोगद्यात जाऊ नका. मुंबईत खोली थाटायला निघालेल्या पोरांच्या गाडीत सिलिंडर हमखास असतो. तो गावीच ठेवा. व्यवसायासाठी ज्वलनशील माल नेणाऱ्या गाड्यांना बोगद्यांत वेगळे नियम, वेळा किंवा बंदी असू शकते. ट्रान्सपोर्टवाल्याने हे माल भरण्याआधीच विचारून घ्यायचं असतं. तोंडाशी अडवल्यावर विचारून उपयोग नाही.

> तपासा: माल भरल्यावर उंची मोजली? मागचे दिवे उघडे आहेत? भरलेल्या गाडीवर ब्रेक मारून पाहिला? तीनपैकी एकाचंही उत्तर "नाही" असेल तर अजून निघायची वेळ झालेली नाही.

३. माणसं: कोण कुणाला धरणार

पिकअपच्या मागे, मालावर माणसं बसवू नका. हे कायद्यातही बसत नाही आणि बोगद्यात तर जिवाशी खेळ आहे. मागे बसलेल्याला धुरापासून कुठलाच आडोसा नसतो आणि त्याची हाक केबिनपर्यंत पोहोचत नाही.

कुटुंबाची गाडी असेल तर निघण्याआधी दोन मिनिटं बोलून घ्या. गाडी सोडून उतरायची वेळ आली तर लहान पोराला कोण उचलेल? आजीला कोण धरेल? ज्यांचे गुडघे धरतात त्यांना उतरायच्या बाजूला बसवा. दम्याचा पंप सामानाच्या बॅगेत नको, अंगावर किंवा हाताशी हवा. सगळ्यांच्या पायात चपला-बूट असू द्या. लांबच्या प्रवासात सगळेच पाय मोकळे करून बसतात आणि गडबडीत चपला सीटखाली सापडत नाहीत.

४. वाटेत: झोपेचा हिशोब आणि छोट्या बोगद्यात सराव

वरूड-मोर्शीकडून संध्याकाळी निघालेल्या संत्र्याच्या गाड्या पहाटेच्या अंधारात घाटाजवळ येतात. रात्री दोन ते पाच ही झोपेची सर्वांत वाईट वेळ, आणि बोगदा येतो नेमका तेव्हाच. एकसारखे दिवे, एकसारखा आवाज, वळण जवळजवळ नाही. जड झालेले डोळे अशा ठिकाणी उघडे ठेवणं फार कठीण. दुसरा ड्रायव्हर नसेल तर निघण्याची वेळ बदला, किंवा इगतपुरीच्या आधी अर्धा तास तरी गाडी सुरक्षित जागी लावून झोपा. चहा घेतला म्हणून झोप जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते, इतकंच.

याच रस्त्यावर छत्रपती संभाजीनगरजवळ सावंगीला छोटा बोगदा लागतो. तो सरावासाठी वापरा. शिरण्याआधी गॉगल काढा, हेडलाइट लावा, वेग उतरवा, पुढच्या गाडीपासूनचं अंतर मोजा. पुढे मोठ्या बोगद्यात हेच करायचं आहे. ज्याने कधीच बोगदा पाहिलेला नाही, त्याच्या हाताला इथे सवय लागते.

५. बोगद्याआधीचा शेवटचा थांबा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो. "आता आलोच मुंबईला" या घाईत गाडी थेट आत घातली जाते. असं करू नका. इगतपुरीच्या आधी जिथे सोय असेल तिथे पंधरा मिनिटं थांबा आणि हे क्रमाने करा.

१) सगळ्यांनी लघवीला जाऊन या. पोरं बोगद्यात "थांबवा" म्हणाली तर थांबता येत नाही.

२) डिझेल-पेट्रोल पाहा. काटा रिझर्व्हला असेल तर आधी भरा. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी अगदी कोरडी ठेवू नये. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बोगद्यानंतर चार्जिंग शोधू, या भरवशावर आत जाऊ नका.

३) चाकांभोवती फिरा. हात रिमपासून चार बोटं लांब धरा, रिमला लावू नका, भाजेल. चारही चाकांची धग साधारण सारखी हवी. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागलं, जळका वास आला, तर त्याचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. अशी गाडी बोगद्यात नेऊ नका. पुढे उतार आहे आणि त्यात ते चाक आणखी तापेल.

४) पुढची काच आणि आरसे आतून-बाहेरून पुसा. रात्रीच्या किड्यांचे डाग समोरचा दिवा पडला की पसरून चमकतात.

५) मोबाइलवरचा नकाशा बघून घ्या. बोगद्यात जीपीएस तुटतो आणि बाण भलतीकडे फिरतो. घोटी, त्र्यंबकेश्वर, नाशिककडे जायचं असेल तर बोगद्याच्या आधीच उतरा. देवदर्शनाच्या गाड्यांची ही नेहमीची चूक आहे. एकदा आत शिरलात की मागे वळता येत नाही. पुढे महामार्गावरून उतरायची जागा शहापूरच्या बाजूला खुटघरला आहे.

६) मदतीचा क्रमांक लिहून घ्या. समृद्धी हा एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा रस्ता आहे, त्यामुळे राष्ट्रीय महामार्गांचा १०३३ इथला नव्हे. रस्त्याच्या फलकांवर दिलेला समृद्धीचा क्रमांक आणि ११२ हे दोन्ही फोनमध्ये आधीच ठेवा.

> इशारा: टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उडतं.

६. तोंडाशी: शिरण्याआधीचा मिनिट

फलक वाचा. लाल क्रॉस असलेल्या लेनमध्ये जायचं नाही, तोंडाशी लाल दिवा असेल तर थांबायचं. लिहिलेला वेग तोच तुमचा वेग. बाहेर कारला १२० ची परवानगी आहे म्हणून आतही तीच, असं नाही.

हेडलाइट लावा, पण डिपरवर. हायबीम भिंतीवरून आणि पुढच्याच्या आरशातून परत येतो आणि दोघांनाही त्रास देतो. आतल्या दिव्यांच्या भरवशावर स्वतःचे दिवे बंद ठेवणं ही दुसरी चूक. गॉगल काढा. उन्हातून आत शिरताना डोळ्यांना सरावायला काही क्षण लागतात आणि त्या क्षणांत पुढची थांबलेली गाडी उशिरा दिसते. त्यामुळे वेग आधीच उतरवा. आत शिरल्यावर अचानक ब्रेक मारून नव्हे.

पावसाळ्यात तोंडाजवळचे पहिले शे-दोनशे मीटर ओले असतात, कारण प्रत्येक गाडी चाकांबरोबर पाणी आत आणते. शिवाय बोगद्यातली हवा दमट आणि उबदार असते. एसीने थंडगार झालेली काच आत शिरताच बाहेरून धुकटते आणि समोरचं एकदम दिसेनासं होतं. घाबरून ब्रेक मारू नका. वायपर एक-दोनदा फिरवा. तरीही धुकटली तर ती आतून आहे, मग एसीची हवा काचेकडे सोडा.

खिडक्या बंद करा, एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवा. रेडिओ किंवा गाणी बारीक करा, घोषणा झाली तर ऐकू यायला हवी.

७. आत: अंतर, लेन आणि गियर

अंतर मोजण्याची सोपी रीत. पुढची गाडी भिंतीवरच्या एखाद्या दिव्यापाशी किंवा फलकापाशी गेली की मनात मोजा: एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत हे पूर्ण झालं पाहिजे. ताशी ८० ला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांना ६६ मीटर. भरलेल्या ट्रक-पिकअपने पाच सेकंद ठेवावेत, ते होतात ११० मीटर. कोणी मध्ये घुसलं तर रागावू नका, पाय थोडा उचला आणि पुन्हा मोजा. आगीच्या वेळी हेच अंतर तुमच्या कामी येतं, ते कसं हे दहाव्या टप्प्यात.

लेन एक धरा आणि तीच ठेवा. जड गाड्यांनी डावीच. गंमत म्हणून हॉर्न वाजवू नका, व्हिडिओ काढायला वेग कमी करू नका. बोगदा नवा असल्याने मोबाइल बाहेर निघतातच. चालवणाऱ्याने काढू नये आणि बाजूच्याने त्याला "इकडं पाहा" म्हणू नये.

आता उतार. मुंबईकडे जाताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडायची सवय आपल्याकडे खोलवर आहे. ही सवय इथे सोडा. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. कुणी तर चावीच बंद करतात. तेव्हा पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोनदा पॅडल दाबल्यावर संपते. एअर ब्रेकच्या गाडीत हवा भरणंच थांबतं. डिझेलही वाचत नाही, कारण आजच्या गाड्या गियरमध्ये पाय उचलला की इंधन जवळजवळ बंदच करतात. भरलेल्या गाडीने एक गियर खाली घ्या, ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत पाय ठेवून चालवू नका.

चालता चालता कडेला नजर ठेवा. एसओएस (संकटात मदत मागायच्या) फोनच्या पेट्या, आडमार्गाची दारं, धावत्या माणसाचं हिरवं चित्र आणि त्यावरचं अंतर, गाडी बाजूला घ्यायची जागा. शेवटचं दार मागे कुठे गेलं आणि पुढचं साधारण कुठे येईल, एवढं डोक्यात असू द्या. आपल्याकडच्या नव्या लांब जुळ्या बोगद्यांत दोन नळ्यांना जोडणारे आडमार्ग साधारण तीनशे मीटरवर ठेवतात. म्हणजे तुम्ही कुठेही असलात तरी जवळचं दार दीडशे मीटरच्या आसपास असतं. माणूस एवढं दोन-तीन मिनिटांत चालतो. हा हिशोब माहीत असला की घाबरणं निम्मं होतं.

८. बाहेर पडताना

दुपारनंतर मुंबईकडे जाताना बोगद्यातून बाहेर पडलात तर ऊन बऱ्यापैकी समोर येतं. सनशेड आधीच खाली करा. तोंडाबाहेर दरीवरचे उंच पूल आहेत. भिंतीचा आडोसा संपतो आणि आडवा वारा एकदम गाडीला ढकलतो. उंच मालाच्या गाडीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं. पावसाळ्यात बाहेर धुकं किंवा धो-धो पाऊस असू शकतो, म्हणून आतली कोरडी फरशी पाहून वेग वाढवू नका. बाहेर आल्याबरोबर फोटोसाठी पुलावर थांबणं ही तर जीवघेणी चूक.

९. गाडी बंद पडली किंवा टायर गेला तर

१) चारही इंडिकेटर लावा.

२) गाडी जेवढी पुढे जाऊ शकते तेवढी न्या, शक्यतो बाहेर, नाहीतर बाजूला घ्यायच्या जागेपर्यंत. टायर पंक्चर असला तरी हळू न्या. रिम खराब झाली तर नवी मिळते. इंजिन तापत असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण आणि पंखा जोरात करा. इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओढली जाते आणि तेवढ्यात बाहेर पडता येऊ शकतं.

३) थांबावंच लागलं तर डाव्या भिंतीच्या कडेला, दार उघडेल एवढीच जागा ठेवून थांबा. इंजिन बंद, दिवे चालू.

४) सगळ्यांनी भिंतीच्या बाजूच्या दाराने उतरा, गाडीपासून दूर भिंतीशी उभे राहा. गाडीच्या मागे उभं राहू नका.

५) मोबाइलपेक्षा एसओएस फोन आधी वापरा. कुठल्या पेटीवरून फोन आला हे नियंत्रण कक्षाला लगेच कळतं. मोबाइलवर "बोगद्यात आहो" एवढंच सांगता येतं.

> इशारा: स्टेपनी बदलायला जॅक काढू नका. गावाच्या रस्त्यावर दहा मिनिटांत होणारं हे काम इथे धावत्या लेनमध्ये पाठ करून बसण्याचं आहे. क्रेन येईपर्यंत थांबा.

१०. धूर किंवा आग दिसली तर

बोगद्यातला सर्वांत मोठा वैरी धूर आहे, ज्वाळा त्यानंतर. २४ मार्च १९९९ ला फ्रान्स-इटलीमधल्या मों ब्लाँ बोगद्यात मैदा आणि मार्गारिन भरलेल्या एका ट्रकने पेट घेतला. माल खाण्याचाच होता, स्फोटक काही नव्हतं. तरी ३९ माणसं गेली आणि त्यातली बरीच आपापल्या गाडीतच सापडली. काच वर करून आत बसलं की सुरक्षित, ही समजूत मनातून काढून टाका.

आधी ओळखा, आग कुठे आहे.

आग तुमच्या मागे आहे: थांबू नका, बघत राहू नका. वेग मर्यादेत ठेवून सरळ बाहेर पडा.

आग तुमच्या पुढे आहे: अंतर ठेवून थांबा. सातव्या टप्प्यातलं अंतर इथे कामी येतं. पुढच्याला चिकटून आलात तर त्याची आग तुमच्या गाडीला लागते. इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा, चावी गाडीतच ठेवा म्हणजे गरज पडली तर बचाव पथकाला गाडी हलवता येईल. गाडी वळवू नका, रिव्हर्स घेऊ नका. मागून येणाऱ्यांना तुम्ही दिसत नाही आणि दोन गाड्या अडकल्या की अग्निशमनची वाट बंद होते. मग सगळ्यांना घेऊन उतरा.

जायचं कुठे? एकेरी बोगद्यातले छताचे मोठे पंखे साधारणपणे वाहतुकीच्याच दिशेने हवा ढकलतात. आगीच्या पुढच्या गाड्या निघून जातात आणि मागे थांबलेल्यांकडे स्वच्छ हवा राहावी, हा त्यामागचा हेतू. म्हणून आग पुढे असेल तर भिंत धरून मागे, आलो त्या दिशेने, हिरव्या चित्राच्या जवळच्या दाराकडे चला. घोषणा किंवा फलक वेगळं सांगत असतील तर तेच ऐका. हिमाचलच्या अटल बोगद्यासारख्या, एकाच नळीतून दोन्हीकडची वाहतूक चालणाऱ्या ठिकाणी हवेची आणि बाहेर पडण्याची व्यवस्था निराळी असते. तिथे सुटकेचा मार्ग रस्त्याच्या खालून जातो.

धूर आधी छताला लागून पसरतो, मग थंड होत खाली उतरतो. मधल्या थोड्या वेळात खालच्या बाजूला श्वास घेता येतो. वाकून चाला, नाका-तोंडावर दुपट्टा किंवा रुमाल धरा. ओल्या कापडाने काजळी थोडी अडते, पण विषारी वायू अडत नाही. म्हणून रुमाल धरून थांबू नका, चालत राहा. बॅग, मोबाइलचा चार्जर, बिलटी, काही आणायला परत फिरू नका.

आग तुमच्याच गाडीची असेल आणि अगदी सुरुवातीची असेल, तरच सिलिंडर वापरा. पिन ओढा, ज्वाळेच्या बुडाशी मारा, आडवा फिरवा. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नका, फटीतून मारा. सिलिंडर संपला आणि आग राहिली, किंवा मालाला अथवा टायरला लागली असेल, तर तिथून निघा. ते तुमच्या हातचं नाही.

> तपासा: आडमार्गाचं दार उघडलं की पलीकडे दुसरी नळी आहे आणि तिथे उलट्या दिशेच्या गाड्या धावत असू शकतात. पोरांचा हात धरूनच दार उघडा, रस्त्यावर पाऊल टाकू नका, दार मागे बंद करा म्हणजे धूर येणार नाही. तिथेच आपली माणसं मोजा आणि कोणी राहिलं असेल तर बचाव पथकाला सांगा. स्वतः परत आत जाऊ नका.

११. परतीची वाट

येताना तोच बोगदा चढाचा होतो आणि धोका ब्रेककडून इंजिनकडे सरकतो. मुंबईहून किराणा किंवा सामान भरून येणाऱ्या गाड्यांनी चढायला लागण्याआधी थांबून इंजिन शांत होऊ द्यावं, गार झाल्यावर कूलंट पाहावं. वरच्या गियरमध्ये इंजिन रेटत नेऊ नका, वेळीच एक गियर उतरवा. भरलेल्या ट्रकचा वेग बराच पडला तर चारही इंडिकेटर लावून डाव्या लेनमध्येच राहा, कारण मागून कार दुप्पट वेगाने येत असते. कारवाल्यांनीही डाव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे येऊन शेवटच्या क्षणी लेन बदलू नये. दूरवर लाल दिवे संथ दिसले की तेव्हाच इंडिकेटर देऊन मधली लेन घ्यावी.

वर आल्यावर इगतपुरीच्या पुढे पहिल्या सोयीच्या जागी पुन्हा थांबा. काटा पाहा, दोर ओढा, चाकांची धग बघा. विदर्भ अजून कित्येक तासांच्या अंतरावर आहे आणि पुढची रात्रही याच टायरांवर काढायची आहे.